भिंतीवरची शेवटची बाटली

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं. कारण यात मी चांगली दिसत नाही, आणि ताईने सांगितलंय की आता हा विषय घरात नको. पण तीस तारखेला आठच दिवस उरलेत, म्हणून लिहितेय. चुका असतील तर सांभाळून घ्या, मी परत वाचणार नाहीये. वाचलं तर परत पुसेन.

आमच्या प्राथमिक शाळेच्या गेटवर एक मावशी आहे. पदाने शिपाई, पण सगळे तिला बाटलीमावशी म्हणतात. नव्या पालकांना हे नाव ऐकून आधी धक्काच बसतो. एका बाबांनी तर घाबरत घाबरत विचारलं होतं, "म्हणजे त्या... ड्युटीवर पण?" ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "हो दादा, रोज अठ्ठावन्न. पाण्याच्या."

गेटच्या आत डाव्या हाताला कमरेएवढी भिंत आहे. सकाळच्या छोट्या सुट्टीनंतर पहिली-दुसरीच्या सगळ्या पोरांच्या बाटल्या ती स्वतः भरते आणि त्या भिंतीवर ओळीने मांडते. चारला शाळा सुटली की पोरं भिंतीसमोरच्या बाकड्यावर बसतात. ज्याचं माणूस आलं त्याने उठायचं, आपली बाटली उचलायची, मावशीला दाखवायची आणि जायचं. बाटली उचलल्याशिवाय गेटबाहेर पाय नाही. भिंतीवर बाटली आहे म्हणजे पोर आत आहे. शेवटची बाटली उचलली गेली की कुलूप. एकोणीस वर्षं हेच. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला वही दिली, नावं लिहा म्हणाल्या. ती म्हणाली, "बाई, वहीत पोर हजर असतं आणि ते बसलेलं असतं झाडावर. बाटली खोटं बोलत नाही."

पोरांना ती बाटलीवरूनच हाक मारते. ए हत्ती, ए निळं बूच, ए तुटका पट्टा. मी दहा वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडले, आता कॉलेजला आहे, तरी मी अजून तिच्यासाठी गुलाबी झाकणच. "काय गं गुलाबी झाकण, लग्नाबिग्नाचं बघतेयस की नाही?" भर गेटमध्ये. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता माझी भाची दुसरीत आहे. घरात तिला टिकली म्हणतात. ताई, म्हणजे तिची आई, संध्याकाळी सहापर्यंत ऑफिसात असते, म्हणून टिकलीला आणायचं काम माझ्याकडे. मावशीच्या भाषेत टिकली म्हणजे हत्ती, कारण तिच्या बाटलीवर हत्तीचं चित्र आहे.

त्या बुधवारी टिकली डबा विसरली. मी कॉलेजला जाता जाता एकच्या सुमारास शाळेत गेले. मावशी गेटवर नव्हती, मागे कुणीतरी उलटी केली होती तिथे फिनेल घेऊन गेली होती. गेटची कडी बाहेरून हात घालून कशी काढायची ते मला लहानपणापासून माहीत आहे. आत गेले, डबा वर्गाच्या बाईंकडे दिला, परत येताना भिंतीकडे बघितलं तर हत्तीखाली पाण्याचं थारोळं. बाटली बुडाशी तडकली होती. मी उचलली, उरलेलं पाणी कुंडीत ओतलं, बाटली सॅकमध्ये टाकली. मनात म्हटलं चारला येताना नवी घेऊन येते. एवढंच. ना मावशीला सांगितलं, ना टिकलीला, ना बाईंना. मला घाई होती. मला नेहमीच घाई असते.

चारला मी आलेच नाही. नाटकाची तालीम चालू होती, फोन बॅगेत. पावणेपाचला पळत शाळेपाशी पोचले तर गेटला कुलूप. आणि मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं! कारण त्या गेटला कुलूप म्हणजे सगळी पोरं घरी. यावर आख्ख्या वस्तीचा विश्वास आहे. मला वाटलं ताई लवकर सुटली आणि घेऊन गेली. मी रमत गमत घरी गेले, वाटेत नोट्सच्या झेरॉक्स काढल्या, मैत्रिणीशी गप्पा मारल्या. घराला पण कुलूप. पाच वीसला ताईला फोन लावला.

"कुठे आहात गं दोघी?"

"दोघी कोण? मी ऑफिसात आहे. टिकलीला फोन दे."

ताई पलीकडून "हॅलो, हॅलो" करतेय आणि मी फोन कापला.

मावशीचं घर शाळेच्या मागे दोन गल्ल्या सोडून. मी कशी पळाले मला माहीत नाही. ती दारातच बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पाय गरम पाण्याच्या टबात. तिचे गुडघे संध्याकाळी सुजतात. मला बघून हसली, "काय गं गुला..." आणि थांबली.

"मावशी, टिकली. टिकली घरी नाहीये."

"हत्ती?" ती म्हणाली. "बाटली नव्हती. एक पण नव्हती भिंतीवर. मी बघून कुलूप लावलंय."

"ती कुणाबरोबर गेली?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. मग टब कलंडला, पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि ती अनवाणीच चालायला लागली. जिचे गुडघे दोन पायऱ्या चढताना कुरकुरतात ती माझ्या पुढे होती. कनवटीची किल्ली काढून हातात धरलेली.

गेट उघडलं. मला वाटलं आता वर्गांकडे जाईल. नाही. ती सरळ अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे गेली. जमिनीतली टाकी, वर लोखंडी झाकण. पोटावर आडवी झाली, झाकण सरकवलं, हात काखेपर्यंत आत घातला. मी उभी. मला ओरडायचं होतं पण ओरडले असते तर काहीतरी खरं झालं असतं असं वाटत होतं. ती हात फिरवतेय, फिरवतेय. फक्त पाण्याचा डुबुक डुबुक आवाज.

"नाही," ती म्हणाली. "इथे नाही. चल."

मग एकेक वर्ग. कडी काढायची, आत बघायचं, बाकाखाली, दारामागे, फळ्यामागे. "हत्ती! ए बाळा! टिकले!" रिकाम्या शाळेत आवाज कसा घुमतो ते तुम्हाला माहीत नसेल. दुसरीच्या वर्गात तिचं दप्तर बाकावर होतं. म्हणजे ती बाहेर गेलीच नव्हती. आणि तरी ती वर्गात नव्हती. शौचालयं झाली. वरचा मजला झाला, मावशी कठड्याला धरून दोन दोन पायऱ्या चढली. माझा फोन सारखा वाजत होता, ताई, ताई, ताई. मी उचलला नाही. काय सांगू?

खाली येताना मावशी जिन्यातच थांबली. हात वर केला. "श्श."

मला काही ऐकू आलं नाही. तिला आलं. जिन्याखाली एक खोपटं आहे, हरवलेल्या वस्तूंची खोली म्हणतो आम्ही. टोप्या, एकेक मोजे, डब्यांची झाकणं. दाराला बाहेरून कडी. दिव्याचं बटण पण बाहेर. ती कडी रोज सव्वाचारला मावशीच लावते.

दार उघडलं तर टिकली खोक्यात बसलेली. अक्षरशः खोक्यात, सगळ्यांच्या हरवलेल्या स्वेटरांमध्ये. रडून रडून आवाज गेलेला. मावशीने तिला उचललं, छातीशी धरलं, आणि टिकली पहिलं वाक्य काय बोलली माहितीये?

"मावशी, माझी बाटली सापडतच नाहीये. मी सगळीकडे बघितलं. बाटली नसली की जायचं नाही ना?"

बाटली माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होती. त्या क्षणी. मला ती पाठीला टोचत होती. आणि मी गप्प बसले.

रात्री पालकांच्या ग्रुपवर ताईने सगळं लिहिलं. मग काय, आगीत तेल. कॅमेरे लावा, गार्ड नेमा, म्हातारीला घरी बसवा, बाटल्या कसल्या मोजताय. शनिवारी दहाला सभा ठरली. मावशी काय म्हणाली? मोठ्या बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "माझीच चूक. मीच कुणाला तरी बाटली दिली असणार. मला आठवत नाही."

गुरुवारी मी टिकलीला आणायला गेले, चारच्या आधी दहा मिनिटं. मावशी भिंतीपाशी उभी होती आणि प्रत्येक बाटलीवर बोट ठेवून पुटपुटत होती. निळं बूच, ससा, तुटका पट्टा. परत पहिल्यापासून. परत. मला बघून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुलाबी झाकण, खरं सांग. मी त्या दिवशी हत्ती कुणाच्या हातात दिला, असं काही कुणी बोललं का? मी सकाळी भरलाय तो. माझ्या हाताने ठेवलाय. मग गेला कुठे?"

मी म्हटलं, "नाही मावशी."

"माझ्या आईचं पण असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "आधी वस्तू गेल्या. मग आम्ही."

यानंतर मला जेवण गेलं नाही. पण ताईसमोर तोंड पण उघडलं नाही. शुक्रवार तसाच गेला. खरंच सांगते, मी भित्री आहे.

शनिवारी दुसरीच्या वर्गात सभा. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मावशी फळ्याजवळ उभी, हात पदरात. एक काका म्हणाले, "अहो, त्यांचं वय झालंय, विसरायला होतं, यात अपमान कसला?" आणि मावशीने मान हलवली. हो म्हणाली ती. विसरायला होतं. मान्य केलं.

मी उठले. सॅक उघडली आणि तडकलेला हत्ती टेबलावर ठेवला.

"ही मी नेली," मी म्हटलं. "बुधवारी एकला. गळत होती म्हणून. कुणाला सांगितलं नाही. मावशी काही विसरलेली नाही."

ताई माझ्याकडे बघत होती, दात ओठ खाऊन म्हणाली, "घरी चल. मग बघते." पण मी ताईकडे बघतच नव्हते. मावशीने पुढे येऊन बाटली उचलली. उलटी केली. बुडाची चीर बोटाने चाचपली.

"म्हणजे मी दिली नव्हती कुणाला?"

"नाही."

"म्हणजे माझं डोकं जागेवर आहे."

"आहे मावशी."

तिने डोळे मिटले, नुसता एक श्वास सोडला. तीन दिवस धरून ठेवलेला. मग माझ्या डोक्यात टपली मारली, जोरातच. "गळकी होती, नेलीस, बरं केलंस. पण सांगायला काय तोंडाला माझं कुलूप होतं?" दोन-तीन जण हसले. मला हसू आलं नाही.

मला वाटलं झालं, सुटलं. तसं होत नाही. मोठ्या बाई रागावल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "बाटली कुणी नेली हा प्रश्नच नाही. एका बाटलीवर पोराचा जीव अवलंबून होता, हा प्रश्न आहे." आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, कारण त्या खोपट्याचा अंधार मी बघितलाय. पुढच्या महिन्यापासून गेटवर गार्ड आणि सहीची वही. मावशीला वरच्या मजल्याची साफसफाई देऊ म्हणाल्या. मावशी म्हणाली, "वर नको बाई. वर जायला गुडघे नाहीत, आणि वर पोरं सुटताना दिसत नाहीत." तीस तारीख तिची शेवटची.

परवा मी टिकलीची नवी बाटली घेऊन गेले. मावशीने ती भरली, भिंतीवर ठेवली, आणि म्हणाली, "ही काय, जिराफ? आता हत्तीला जिराफ म्हणायला दहा दिवसांत जमायचं नाही." मग शाळा सुटल्यावर बाकाखाली, दारामागे, जिन्याखाली जाऊन बघून आली आणि तेव्हाच कुलूप लावलं. लावून परत ओढून बघितलं. परत उघडलं, परत आत जाऊन आली. हे आता ती रोज करते. हे माझ्यामुळे.

हे वाचणाऱ्यांतले निम्मे तरी त्या भिंतीवरून बाटली उचलून घरी गेलेले आहात. तुमचं नाव तिला आठवणार नाही, पण झाकणाचा रंग सांगून बघा. तीस तारखेपर्यंत ती गेटवर आहे. जाऊन भेटा, लवकर. आणि चारला म्हणजे चारला जा, पावणेपाचला नाही.