मोठ्या सिस्टरचा ‘फार’

बाळंतपणाच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरचा एक कायदा होता: ‘फार’ हा शब्द उगाच तोंडातून काढायचा नाही. उकाडा असो, गर्दी असो, एखादी बाई किंचाळून वॉर्ड डोक्यावर घेवो, तिथे ‘फार’ नाही. तो रक्तासाठी राखून ठेवलेला. कानावर पडला की हातातलं काम टाकून पळायचं, मग डॉक्टर असो की झाडूवाली.

आणि हिच्याच पोटी लेक कशी, तर जिभेला हाड नसलेली! तिला भूक लागायची ती भयंकर, चप्पल आवडायची ती भयंकर, नवरासुद्धा म्हणे भयंकर साधा. आई म्हणायची, "अगं, सगळं भयंकर आत्ताच उधळलंस, तर खरं भयंकर आल्यावर काय बोलशील?" लेक फणकारायची. ती वर्गात पहिली आली तेव्हाही आई म्हणाली होती, "बरं झालं." बस्स, एवढंच! ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

लेकीचे दिवस भरले तशी आईने रजा काढली आणि त्याच वॉर्डात नुसती आई म्हणून तिच्या उशाशी उभी राहिली.

"आई, भयंकर दुखतंय गं!"

"दुखणारच. श्वास घे."

शेवटी मुलगी झाली, टाहो फोडून रडली. लेकीला एकदम हलकं हलकं वाटलं, डोळे मिटू लागले. डॉक्टर हात धुवायला वळले. आईने सवयीने चादर उचलून पाहिली.

"फार रक्त जातंय."

ओरडली नाही हो, कुजबुजलीच. पण सगळी खोली हलली! डॉक्टर ओल्या हातांनीच धावले, कुणी पोट दाबलं, कुणी सुई टोचली, कुणी रक्ताच्या पिशवीसाठी पळत सुटलं. एवढासा शब्द, आणि ही ताकद! लेक थक्क होऊन बघत राहिली. हे सगळं आपल्यासाठी चाललंय, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

सकाळी डोळे उघडले तेव्हा आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"कशी आहे गं ही?" लेकीने विचारलं.

"बरी आहे."

लेकीला हसू आलं. "आणि मी?"

आईने बाळाचं दुपटं नीट केलं. मग पुन्हा नीट केलं.

"फार घाबरले होते गं मी. फार."

तेवढ्यात दाराबाहेरून जाणारी नर्स हातातला ट्रे टाकून धावत आत आली. "कुठे, सिस्टर? किती जातंय?"

"काही नाही," सिस्टर डोळे पुसत म्हणाली. "घरचं आहे. जा तू."