दगडाला दिलेलं तोंड

माझे वडील, आमचे नाना, दर पावसाळा सरला की बादली आणि काथ्याचा ब्रश घेऊन शेताच्या कोपऱ्यात जायचे आणि दगडावर कोरलेल्या आपल्याच चेहऱ्यावरचं शेवाळ घासून काढायचे. नाकाच्या कडा, कानाच्या पाळ्या, भुवया, काही सोडायचे नाहीत. शाळेत पाठवायच्या पोराचं तोंड धुवावं तसं ते काम चालायचं. शेवटी दोन तांबे पाणी ओतून म्हणायचे, "झाला चिकना." तेव्हा नाना चांगले धडधाकट होते. दगडावरचा चेहरा त्यांचा होता, पण खाली नाव होतं त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या जनूकाकांचं.

आमचं गाव भिवंडीजवळ, वडप्याच्या अलीकडे. आता हायवेला लागून गोडाऊनच गोडाऊन दिसतात, तेव्हा भातखाचरं होती. आमच्या घरात माणूस गेला की दहनानंतर चिमूटभर अस्थी शेताच्या कोपऱ्यात पुरतात, वर चौथरा बांधतात आणि चौथऱ्यावर काळा दगड उभा करतात. दगडावर गेलेल्याचा फोटो कोरलेला हवाच. पितृपक्षात त्याला पान वाढायचं, तर त्याआधी दगडाला तोंड लागलं पाहिजे. ते नसेल तर माणसाला आपली जागा ओळखता येत नाही आणि तो घराच्या ओट्यावरच बसून राहतो, असं आमच्याकडची जुनी माणसं अगदी पावसापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात तशी बोलायची.

जनूकाका नारपोलीच्या एका कारखान्यात लूमवर होते. एका सकाळी ड्युटीवरच छातीत कळ आली आणि गेले. वय अडतीस. काकीला मूलबाळ नव्हतं. पुढे वर्षाच्या आत दगड करायचा म्हटल्यावर लक्षात आलं की काकांचा फोटोच नाही. गावकीच्या एका फोटोत मागच्या रांगेत होते, ते तांदळाच्या दाण्याएवढे. भिवंडीतला दगडावर टिपके ठोकून चेहरा काढणारा कारागीर तो फोटो बघून हसला. मग नानांकडे बघत म्हणाला, "भाई है ना? भाई को बिठा दो."

नाना बसले. नारपोलीच्या स्टुडिओत भावाचा सदरा घालून, भावासारखा उजवीकडे भांग पाडून त्यांनी फोटो काढून घेतला. मी तेव्हा चौथीत होतो आणि सोबत गेलो होतो. फोटोवाल्याने श्वास धरा म्हटलं आणि दिवा चमकला. त्यानंतर नाना बराच वेळ खुर्चीवरून उठलेच नाहीत. फोटोवाला म्हणाला, झालं. नाना म्हणाले, हो, झालं. येताना एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली, एरवी ती ते कुणालाही द्यायचे नाहीत.

दगड उभा राहिला तेव्हा सगळ्या गावाने मान डोलावली, हुबेहूब जनू म्हणून. फक्त दोन बायकांनी डोलावली नाही. एक माझी आई. तिने त्या कोपऱ्याकडे जाणंच बंद केलं. "कुंकवाच्या धन्याला जित्तेपणी हार घालू काय मी?" एवढंच ती एकदा बोलली. दुसरी काकी. ती मात्र दर अमावास्येला तिथे दिवा लावायला जायची, आणि दगडाला भावजी म्हणायची. दीर होता ना तो तिचा. "भावजी, ह्यांना सांगा, छपराची कौलं फुटल्यात." लहानपणी मला याचं हसू यायचं. नवऱ्याला निरोप द्यायला दिराला मध्ये घालणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

नानांचा भांग त्या दिवसापासून उजवीकडेच राहिला. आई चिडून म्हणायची, आता पुरे झालं की. नाना कंगवा डावीकडे फिरवून दाखवायचे आणि केस पुन्हा उजवीकडे पडायचे. मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. सुके बोंबील नानांना वासानेही नको असायचे, ते आता मागून घेऊ लागले. जनूकाकांना ते फार आवडत. अंगणातून कोणी सवयीने "जनू" अशी हाक मारली की मागच्या पडवीतून "ओ" यायचं. विचारलं तर नाना म्हणायचे, मी कुठे ओ दिली?

एकदा गणेशपुरीहून एक म्हातारा आला. जनूकाकांचा लहानपणीचा सोबती. काका गेल्याचं त्याला कळलेलं नव्हतं. ओट्यावर नानांना बघून म्हणाला, "काय रं जनू, बरा हायस ना?" मला वाटलं, नाना सांगतील. त्यांनी त्याला बसवून घेतलं, चहा मागवला आणि दोघं तासभर बोलत राहिले. गरम पाण्याच्या कुंडावर कुणाचा पाय भाजला होता, कुणाच्या वाडीतले चिकू चोरले होते, कुठल्या आंब्याला कुणी बांधून ठेवलं होतं. म्हातारा डोळे पुसत निघून गेला. तो गेल्यावर मी नानांना विचारलं, तुम्ही तर काकांबरोबर कधी गणेशपुरीला गेलाच नव्हता, मग हे सगळं कसं सांगितलं? नानांनाही त्याचं नवलच वाटलं होतं. म्हणाले, "बोलताना आलं तोंडात. तोंड त्याचंच हाय ना आता."

हे वाचून कुणाला वाटेल की नाना उदास, भारलेले वगैरे होते. तसलं काही नव्हतं. ते पत्त्यांत लबाडी करायचे, माझ्या मास्तरांची नक्कल करायचे, आणि आईचा राग घालवायला तिच्याच साडीचा पदर डोक्यावर घेऊन घरभर फिरायचे. पण कॅमेरा दिसला की हा माणूस नाहीसा व्हायचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये वरबाप नाही. एका फोटोत कुणाच्या तरी फेट्याआड अर्धा कान आहे, तो नानांचा, असं आम्ही समजतो. माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये त्यांचे तळहातच तळहात आहेत. फार मागे लागलं की म्हणायचे, "एक तोंड किती जणांना पुरवू, बाला?"

पुढे जमीन गोडाऊनला गेली. कोपरा तेवढा आमच्याकडे राहिला, पण तो आला कंपाउंडच्या आत, त्यामुळे नाना रोज गेटमधून जायचे आणि तिसऱ्या प्रहरी दगडाला टेकून विडी ओढत बसायचे. एक नवा ड्रायव्हर, उत्तर प्रदेशातला, कंटेनर लावून चहाचा ग्लास घेऊन तिकडे गेला. खाली बसलेला माणूस आणि वर कोरलेला माणूस एकच आहे हे त्याला दिसलं, आणि तो ग्लास तिथेच टाकून पळाला. नाना हे सांगताना हसून बेजार व्हायचे. मला मात्र ते ऐकून कसंसंच व्हायचं, कारण त्यांच्या वयाबरोबर दगडही म्हातारा दिसू लागला होता. मी स्वतःला समजावायचो की पावसाने झिजला असेल.

आई आधी गेली. तिने आपला फोटो स्वतः निवडून ठेवला होता, नथ घातलेला, आणि आपला दगड त्या दगडापासून लांब, कोपऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लावा असं बजावलं होतं. नानांनी तसंच केलं. मग दोन वर्षांनी नाना गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आणि आमच्यापुढे पुन्हा तेच येऊन उभं राहिलं. फोटो नाही. होता तो एकच, स्टुडिओतला, आणि तो तर जनूकाकांच्या दगडावर. तोच पुन्हा कोरावा तर शेजारी शेजारी एकाच माणसाचे दोन दगड. मी वडप्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवसभर खरी-खोटी कागदपत्रं बघणारा माणूस, माझा असल्या समजुतींवर विश्वास नव्हता. पण पितृपक्ष जवळ येत चालला होता आणि काकी रोज संध्याकाळी ओट्यावर एक कप चहा नेऊन ठेवत होती. कोणासाठी, विचारलं तर वैतागून म्हणाली, "भायेर बसल्यात. किती सांगते आत या, तर येत न्हाय. तू फोटो कधी करणार हायस?" चहा गार होऊन तसाच राहायचा. तरी मीही ओट्यावरून जाताना एका बाजूने, अंग चोरून जाऊ लागलो. तिथे बसलेल्याला पाय लागू नये म्हणून.

फोटो शेवटी गोडाऊनच्या गेटवर मिळाला. तिथे आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाससाठी कॅमेऱ्याने फोटो घेतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वॉचमनने कॉम्प्युटरवर शोधून दाखवला. नाना सरळ कॅमेऱ्यात बघत होते. उजवीकडे भांग, पांढरे केस, ओठ किंचित उघडे, काही विचारायला आल्यासारखे. मला आनंदाने रडू आलं. मी तिथल्या तिथे प्रिंट घेतली.

घरी येऊन दोन्ही फोटो काकीसमोर ठेवले. स्टुडिओतला तिने ओळखीच्या माणसासारखा बाजूला सारला. गेटवरचा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"हे कुठं गावले तुला?"

मी म्हणालो, "गेटवर. नानांचा आहे, काकी."

"नाना न्हाय हे. नाना तिथं दगडात हायत, पयल्या दिसापासून. मी काय उगाच भावजी म्हणत होते? हे तुझे काका. म्हातारे झाल्यात, पण हेच."

मला भयंकर राग आला. इतक्या दिवसांनी मिळालेला बाप ही बाई माझ्या हातातून काढून घेत होती. मग मला सायकल शिकवली कोणी, माझ्या लग्नात फेट्याआड लपला कोण, माझा बाप होता तरी कोण, असं मी तिला नको तितक्या मोठ्याने विचारलं. काकी शांतपणे फोटोवरची धूळ पदराने पुसत होती. फोटोवर धूळ नव्हती.

"तोंड एक होतं, बाला. दोघं वापरायचे. तुझी आय जाणत होती. म्हणून तर ती तिकडं लांब जाऊन राहिली."

मी रात्रभर विचार केला असं लिहिणं शोभलं असतं, पण मी विचार केला नाही. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत काकी म्हणते तेच बरोबर, हे मला आधीच कळलेलं होतं. मी भिवंडीला गेलो. जुन्या कारागिराच्या मुलाकडे आता मशीन आहे, फोटो दिला की तासाभरात दगडावर उतरतो. जुन्या दगडावरचं काकांचं नाव घासून तिथे नानांचं नाव घालायचं, आणि गेटवरच्या फोटोचा नवा दगड करून त्याखाली जनूकाकांचं नाव, असं मी सांगितलं. त्याने फोटोतल्या पांढऱ्या केसांकडे बघत वय विचारलं. मी म्हणालो, अडतीस. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आकडा लिहून घेतला.

भाऊकी थोडी कुरकुरली. तरुण गेलेला म्हातारा दिसतोय आणि जनूच्या दगडावर भावाचं नाव, लोक काय म्हणतील? दोन्ही दगड शेजारी उभे राहिले तेव्हा काकी नव्या दगडासमोर जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला मध्ये न घालता, त्याच्याशी बोलली. हळू बोलत होती, मी ऐकायला थांबलो नाही.

त्या संध्याकाळी काकी आतच राहिली. मीच जाऊन ओट्यावर बसलो, अगदी मधोमध. जागा मोकळी होती. कोणी सरकलं नाही, कोणाला धक्का लागला नाही, शेजारी कोणीच नव्हतं. नाना आपल्या जागी गेले होते आणि काका आपल्या. ज्याने मला वाढवलं तो त्यांतला कोणता, हे मला कधीच कळणार नाही, आणि एका दिवसात मी दोघांनाही पोरका झालो होतो.