गाडीक पण उकाडता?

मी दुभाष्या. त्या वर्षी हवामान परिषदेच्या तोंडावर एका श्रीमंत देशाचे एक बडे पाहुणे मुंबईत आले, तेव्हा दिल्लीहून आलेल्या आपल्या सरकारच्या साहेबांनी मला दोन दिवसांसाठी बोलावून घेतलं. पाहुण्यांना उकाड्यात राहणारी 'खरी माणसं' बघायची होती आणि साहेबांना पाहुण्यांकडून तंत्रज्ञान हवं होतं. म्हणून ऑक्टोबरच्या भर दुपारी आम्ही सगळे डिलाईल रोडच्या एका चाळीत, मालवणच्या एका मावशींच्या खोलीत दाटीवाटीनं बसलो.

खोलीत मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि एक पंखा एवढाच संसार. पाहुण्यांनी खोबऱ्याची वडी तोंडात टाकली, मान पुसली आणि विचारलं, "पृथ्वी वाचवण्यासाठी तुम्ही राहणीमानात काय बदल कराल?"

मी मराठीत सांगितलं. मावशींनी आधी पंख्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे.

"ह्यो पंखो बंद करू? तेका विचार रे, तुज्या घरात एसी किती? आधी ते बंद कर म्हण, मगे मी बघतंय."

आपल्या देशाचं कित्येक वर्षांचं परराष्ट्र धोरण बाईंनी तीन वाक्यांत उरकलं. साहेब जगभर याच मुद्द्यावर भाषणं ठोकत आले होते. पण आज पाहुण्यांचा मूड सांभाळायचा होता. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "सहकार्य. सहकार्य म्हणा."

मी इंग्रजीत म्हणालो, "त्या म्हणतात, सहकार्यातून मार्ग निघेल."

पाहुणे गहिवरून मान डोलावू लागले. दाराशी उभी असलेली सून लोअर परळच्या ऑफिसात कामाला होती. "सासूबाई असं म्हणाल्या नाहीत," ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली, पंख्यासकट. मला तिच्याकडे बघवेना.

पाहुणे लाल झाले. "सहा एसी," ते म्हणाले. मग प्रामाणिकपणाचा झटका यावा तसं, "गॅरेजमधला धरून सात."

सुनेनं ते सासूबाईंना सांगितलं.

"गाडीक पण उकाडता?" मावशींनी विचारलं.

हे मात्र मी शब्दन् शब्द पोचवलं.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "तुम्हाला धोरणातलं काही कळत नाही." दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. आलं ते भेटीचं सरकारी पत्रक, इंग्रजीचं मराठी करून द्यायला. 'रहिवाशांशी मनमोकळी चर्चा झाली,' असं त्यात लिहिलं होतं. सरकारी विशेषण खरं निघालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. अर्थ जराही न बदलता मराठीत उतरवलं.