दारात झडती देणारे काका

आमच्या शेजारच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक रोडला दुसरा झाला नसेल. सरकारी छापखान्यात तीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासले. रंग केसभर सरकलेला दिसला की ताव बाद. निवृत्त झाले तरी डोळे काही निवृत्त झाले नाहीत. लग्नपत्रिका आली की तीतल्या चुका लाल पेन्सिलीने खुणावून यजमानांना परत! भाजीवालीची मेथीची जुडीसुद्धा उजेडात धरून बघायचे. "मेथी हाय काका, तिकीट नाय," असं तिने एकदा सुनावलं, तेव्हा "कड फाटलीय," म्हणाले आणि मुकाट्याने घेतली. छापखान्यातून सुटताना रोज झडती व्हायची, कागदाचा कपटाही बाहेर जाता कामा नये. ती सवय अशी मुरली होती की कुठल्याही दारातून बाहेर पडताना काका थबकायचे, दोन्ही हात पसरायचे आणि मग ओशाळं हसायचे. मंगल कार्यालयाच्या दारात जेवून निघालेल्यांचा त्यांच्यामागे हा खोळंबा!

अशा माणसाला इंटरनेट दाखवायची दुर्बुद्धी मला सुचली. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मी मॉलिक्युलर बायॉलॉजीत एम.एस्सी. करत होते. कॉलेजात कॉम्प्युटर एकच, त्यामुळे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जावं लागे आणि सोबतीला आई काकांना धाडायची. मी त्यांना दाखवलं, ही अमेरिकेतली साइट, जगात ज्या ज्या जनुकांची अक्षरं वाचून झालीत ती इथे ठेवलेली असतात, कुणीही न्यावीत.

"कुणीही? पास नाही लागत?"

"नाही."

"बाहेर नेल्याची नोंद?"

"नाही हो काका!"

"मग यात काहीतरी काळंबेरं आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तपासणीला बसले. जीवशास्त्राचं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोनशे पानी वहीत पत्ते उतरवत गेले. जनुकं साठवणारी साइट म्हणजे 'कोठार', दोन जनुकं शेजारी ठेवून ताडून बघणारी 'जुळवणी खातं', अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचून त्यांचं प्रथिन काय होईल ते सांगणारी 'भाषांतर खातं'. समोर शेरे. 'सकाळी चपळ, दुपारी मठ्ठ.' 'चित्रं फार, काम थोडं.' 'दोनदा तपासली, निर्दोष.' आमच्या अर्ध्या वर्गाने त्या वहीची झेरॉक्स काढली होती, आणि काका मात्र झेरॉक्सवर झेरॉक्सवाल्याचा अंगठा उमटलाय म्हणून वैतागले होते.

माझ्या प्रोजेक्टचा विषय होता द्राक्षाच्या पानातलं एक जनुक. त्याची सातशे अक्षरं बाहेरच्या लॅबमधून कागदावर छापून आली, ती मी कॅफेत बसून टाइप केली, तिचा एक प्रिंट काढला आणि भाषांतर खात्यात टाकली. प्रथिन अर्ध्यावरच तुटलं! पुन्हा टाकली, पुन्हा तेच. सर म्हणाले, प्रयोगच फसलाय, पहिल्यापासून कर, पुढच्या वर्षी सबमिट कर. पण पुढचं वर्ष होतंच कुठे? एवढी परीक्षा झाली की शिक्षण पुरे, मग स्थळं बघायची, असं बाबांनी आधीच बजावलं होतं. मी काकांच्या ओट्यावर बसून भोकाड पसरलं.

"रडायचं ते नंतर रड. मूळ कागद आण आणि तुझाही आण."

फूटपट्टी ओळीखाली, एक बोट या कागदावर, एक त्या. एकदा सुलटं वाचलं, एकदा उलटं. काकूंनी आणलेला चहा निवून गेला. मग लाल पेन्सिल टेकली.

"नववी ओळ. मूळ कागदात लागोपाठ तीन ए आहेत, तू चार मारलेत."

कॅफेतल्या कीबोर्डची ती कळ अडकायची. एक अक्षर जास्त पडलं आणि पुढचे सगळे तीन-तीनचे गट घसरले! मी तशीच धावत कॅफेत गेले, ते अक्षर खोडलं, आणि प्रथिन शेवटपर्यंत सलग वाचलं गेलं. प्रोजेक्ट वेळेत गेला. एवढंच नव्हे, मला बंगळुरात संशोधनाची जागा मिळाली आणि बाबांची समजूत घालायलाही काकाच गेले. ते जनुक मी कोठारात जमा केलं तेव्हा काकांनी पडद्यावर फूटपट्टी लावून सातशेच्या सातशे अक्षरं वाचली.

"हेही कुणीही नेईल?"

"कुणीही."

"नेऊ दे," म्हणाले.

आता वहीतले बरेचसे पत्ते उघडत नाहीत. काकाही राहिले नाहीत. नव्या मुलांना कुठल्या साइटवर काय मिळतं ते शिकवताना माझ्या तोंडून अजून 'कोठार' निघतं, आणि ती हसतात.

बंगळुरला निघाले त्या सकाळी मी त्यांच्या पाया पडायला गेले होते. त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. निघताना काय वाटलं कोण जाणे, मी वही काखेत धरून त्यांच्या दारात थांबले आणि त्यांच्यासारखे हात पसरले. तीस वर्षं झडती दिलेला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग पुढे आले, माझे दोन्ही खांदे चाचपले. काखेतली वही त्यांना स्पष्ट दिसत होती.

"काही नाही सापडलं," काका म्हणाले. "जा."