नाही म्हणायची शिकवणी

बोरिवलीत इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या रिक्षांपेक्षा जास्त असतील, पण एकाच शब्दात अख्खं इंग्रजी शिकवणारा माणूस या भूमीवर एकदाच झाला, आणि तो आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता. सर मूळचे जालन्याकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातसुद्धा लावलेलं. दुपारी सोसायटीच्या ऑफिसात ते आम्हा बायकांना फुकट शिकवत. चहा मात्र घेत, तोही बिनसाखरेचा, कारण साखरेला त्यांनी ‘नो’ म्हटलेलं होतं.

मीही तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. केस काळेभोर (बाटलीतले), आणि आपल्याला इंग्रजी येतं हा ठाम समज. जन्मभर ऑफिसात इंग्रजी टाइप केलं होतं ना! त्या हिशेबाने टाइपरायटरलाही इंग्रजी येत असणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. वर्गात मी शिकायला नव्हे, सरांच्या चुका काढायला गेले होते.

पहिल्याच दिवशी सर गंभीर चेहऱ्याने फर्डं इंग्रजी बोलत सुटले. मधूनमधून थांबून ते आमच्याकडे बघत, की आम्ही सगळ्या एका सुरात ‘येस सर’. माझा आवाज सगळ्यात वर. शेवटी ते मराठीत म्हणाले, “उद्यापासून तुमच्या स्वयंपाकघरात माझी म्हैस बांधू का, असं विचारत होतो. सगळ्यांनी परवानगी दिलीत. आभारी आहे.”

हीच त्यांची पद्धत. ना पुस्तक, ना फळा. त्यांचं म्हणणं, आपल्याला इंग्रजी येत नाही ही अडचणच नव्हे. इंग्रजी ऐकलं की आपली मान आपोआप हलते, ही अडचण. म्हणून आधी नकार शिकायचा, बाकीची भाषा मागून येते. ‘येस’ म्हणणारीला उभं करत. ‘नो’च्या आधी ‘सॉरी’ लावलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि परीक्षा थेट कांदिवलीच्या मॉलमध्ये. दुकानात शिरायचं, सेल्समनचं सगळं ऐकून घ्यायचं आणि ‘नो’ म्हणून रिकाम्या हाताने बाहेर यायचं. मी पर्स सावरत ऐटीत आत गेले आणि पाय दाबायचं मशीन घेऊन बाहेर आले.

“अगं, हे काय?” घरी ह्यांनी विचारलं.

“गृहपाठ,” मी म्हटलं.

सर चिडले नाहीत. चहा पिता पिता म्हणाले, “ताई, माझ्या बापाचा जन्म ‘जी मालक’ म्हणण्यात गेला. गावात आमच्या लोकांना ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. मी तो शब्द मुंबईत येऊन आधी इंग्रजीत शिकलो. मराठीत म्हणायची हिंमत मागून आली.” त्यानंतर मी त्यांच्या चुका काढणं बंद केलं. एकतर सापडतही नव्हत्या.

मग बिल्डिंग पाडून नवी बांधायची टूम निघाली. बिल्डरच्या माणसाने हॉलमध्ये पडद्यावर चकचकीत चित्रं दाखवली आणि मधासारख्या इंग्रजीत तासभर बोलला. चेअरमनपासून सगळे ‘येस, येस’. त्यानंतर लगेच सह्या व्हायच्या होत्या. एकदा सही झाली की घर कुठल्या कोपऱ्यात मिळणार, हे बिल्डर ठरवणार. सर मागे पंख्याच्या बटणापाशी उभे होते. भाडेकरूंना सभेत बोलायची मुभा नव्हती. माझीही मान अर्धी हलली होती. तेवढ्यात वाटलं, बाई गं, स्वयंपाकघरात म्हैस शिरतेय!

“नो!” मी उभी राहिले. पुढचं इंग्रजी काही सुचेना. “व्हेअर इज माय विंडो?”

“मॅडम, एव्हरीथिंग इज इन द प्लॅन—”

“नो. माय विंडो. पुट युवर फिंगर.”

बिचाऱ्याने बोट ठेवलं. ते आलं पार मागे, नाल्याला चिकटून. रस्त्याकडचे फ्लॅट सगळे विकायला आणि आम्ही जुने लोक नाल्यावर! मग हॉलमध्ये मराठीत, गुजरातीत, मालवणीत जे ‘नो’ झाले, ते ऐकून पोरगा लॅपटॉप बंद करून पळाला. प्लॅन बदलून आला, तेव्हा आम्ही सगळे पुढच्या बाजूला होतो.

त्या सभेनंतर मला कोण भाव! सर खुर्च्या घडी करून ठेवत होते. बदललेल्या प्लॅनमध्येही भाडेकरूंना खोली नव्हतीच. टेम्पोत सामान चढवून ते मुलीकडे बदलापूरला निघाले, तेव्हा मी खाली उतरले.

“सर, आम्हाला एवढं शिकवलंत. स्वतःसाठी एकदा तरी नो म्हणायचंत की!”

“ताई,” ते हसले, “नो म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.” आणि वरचं बटण चाचपून ड्रायव्हरशेजारी बसले.

नव्या घराला हॉलभर खिडकी आहे. नातवंडांना मी तिथे उभं करून ऐटीत सांगते, ही आजीने भांडून आणलीय. समोर गोराईची खाडी दिसते, संध्याकाळी वारा छान येतो. बदलापूर मात्र पाठच्या बाजूला.