फीबी म्हातारीची जबानी

नदीकाठच्या शेडमध्ये पंधरा बायका कालवांचे शिंपले फोडायला उभ्या असायच्या, आणि त्यातली रीथा गॅस्किन्स हात चालवता चालवता अखंड चौकशा करायची. ओहोटी आज उशिरा का लागली? पाद्रीबाबांच्या बायकोनं नवी टोपी कुठून आणली? कालवाला आपलं वय कळत असेल का? शेजारची ऑर्फा वैतागून म्हणायची, "अगं बाई, एक दिवस ते कालवच आपणहून तोंड उघडेल, 'सांगतो, पण सोड' म्हणून!"

एक्कावन्न वर्षं तिच्या चौकशांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग १९५९च्या मार्चमध्ये विंडरलीवर पाहुण्या आल्या.

विंडरली म्हणजे पेलहॅमांचा मळा. पहिला पेलहॅम तीनशे वर्षांपूर्वी व्हर्जिनियाच्या या काठावर उतरला. समुद्रापलीकडून माणूस आणणाऱ्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळे, तेव्हा त्यानं माणसं आणली, जमीन घेतली, तंबाखू लावली आणि तिथे राबायला गुलाम विकत घेतले. पुढे पुढे दोनशे गुलाम झाले. आता उरलं होतं एक विटांचं घर, चाळीस एकर रान आणि शेवटची पेलहॅम, मिस सबीना. सत्तरीची, काडीसारखी, एकटी. घरी जेवणावळ असली की ती रीथाला मदतीला बोलवायची. रीथाच्या आज्या-पणज्या त्याच मळ्यावर गुलाम म्हणून खपलेल्या. बोलावणं आलं की जायचं, ही रीत कुणी मोडली नव्हती.

त्या दिवशी मिस सबीना आपल्या इतिहास मंडळातल्या पाहुण्या बायकांना घराण्याच्या इतिहासाचं स्वतः लिहिलेलं पुस्तक वाचून दाखवत होती. "जाइल्स आणि ॲम्ब्रोज या दोघा भावांनी जमीन इतक्या प्रेमानं वाटून घेतली, की आवाज म्हणून चढला नाही."

एकीनं विचारलं, "आणि गुलामांचं काही लिहिलंय का हो?"

"त्यांची नावं कुठून राहायला, बाई? काळाच्या पोटात गेली सगळी."

तळलेल्या कालवांचं तबक घेऊन रीथा दारात उभी होती. तिची आजी मार्था वेणी घालताना दर वेळी म्हणायची, 'फीबीची जूनो, जूनोची केझाया, केझायाची लेटी, लेटीची हॅना, हॅनाची मी.' वेणी तेवढ्यात पुरी व्हायची. पाच नावं होती की! मग मिस सबीनाला एकही कसं ठाऊक नाही? का आजीनंच मनानं रचली होती?

भांडी विसळताना तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "मिस सबीना, तुम्ही हे सगळं काढलंत कुठून?"

"थोडं कोर्टातल्या जुन्या वह्यांतून. बाकी वडील सांगायचे."

"त्या वह्या कुणालाही बघता येतात?"

"कुणालाही म्हणजे..." मिस सबीनानं चष्म्यावरून पाहिलं. "का गं?"

"काही नाही, आपलं असंच."

पुढच्या शनिवारी रीथा ठेवणीतला झगा घालून कोर्टात हजर झाली. दप्तराच्या खोलीत टिग्नर नावाचा गोरा कारकून डुलक्या घेत होता. त्यानं एक डोळा उघडला. "लादी पुसायचा वार सोमवार."

"मी पुसायला नाही आले, साहेब. वाचायला आले."

"काय वाचणार?"

"पेलहॅमांचं जे जे असेल ते सगळं."

टिग्नरला हसू फुटलं. त्यानं मुद्दाम सगळ्यांत जुनी, सगळ्यांत किचकट अक्षराची वही तिच्यापुढे टाकली. बसायला खुर्ची दिली नाही. पण आठवडाभर उभं राहून कालवं फोडणाऱ्या बाईला उभं राहण्याचं काय कौतुक? पहिल्या शनिवारी तिला अडीच शब्द लागले. तिनं ती वेडीवाकडी अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि घरी चुलीपाशी गिरवत बसली. महिन्याभरात ओळ लागायला लागली. जूनमध्ये टिग्नरनं न बोलता एक स्टूल आणून ठेवलं. त्याच्या अख्ख्या नोकरीत त्या वह्या इतक्या आवडीनं कुणी उघडल्या नव्हत्या. हळूहळू तोही तिच्या खांद्यावरून डोकावू लागला.

ऑगस्टमध्ये जाइल्स आणि ॲम्ब्रोजच्या बापाचं मृत्युपत्र सापडलं. मालमत्तेची लांबलचक यादी होती. 'एक पितळी घंगाळ, फीबी, तिची मुलगी जूनो, एक लंगडी घोडी.'

रीथानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. घंगाळ आणि घोडी यांच्यामध्ये तिच्या घरची माणसं उभी होती. पण आजी खरं बोलत होती, हेही त्याच ओळीत होतं.

"झालं ना तुझं काम?" टिग्नरनं हळूच विचारलं.

"छे! आता कुठे सुरुवात. या फीबीचं पुढे काय झालं?"

ते टिग्नरलाच सापडलं. पानगळ सुरू झाली होती. रीथा दारात दिसताच तो ओरडला, "लवकर ये इकडे! ते प्रेमळ भाऊ अकरा वर्षं कोर्टात भांडत होते!"

भांडण हद्दीचं होतं. हद्दीची खूण असलेला ओकाचा वृक्ष नेमका कोणता, यावर दोघे हटून बसलेले. १७५१ साली मुकादमानं शपथेवर जबानी दिली होती. टिग्नरनं मोठ्यानं वाचली. 'मळ्यावर फीबी नावाची म्हातारी आहे. तिला विचारता ती म्हणाली, ओढ्याच्या मुखापासून उत्तरेला चाळीस काठ्यांवर आहे तोच तो ओक. त्याच्या नदीकडच्या अंगाला माझं पोर पुरलंय. मी कशी चुकेन?'

रीथानं वही आपल्याकडे ओढली.

"मुकादमाच्या तोंडून कशाला? हिलाच का नाही बोलावलं?"

"गोऱ्यांच्या दाव्यात गुलामाची साक्ष चालत नसे."

"म्हणजे खरं काय ते हिलाच ठाऊक आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि हिला मात्र दाराबाहेर ठेवलं."

"हो," टिग्नर म्हणाला. "पण निकाल तिच्या ओकावरच लागला."

रीथानं ती जबानी आपल्या हातानं उतरवून घेतली आणि मिस सबीनापुढे ठेवली.

"अकरा वर्षं?" मिस सबीनाचा चेहरा उतरला. "वडील तर सांगायचे..."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या वडिलांनी."

"आणि त्यांना?"

"पुरे! फार डोक्यावर बसायला लागलीस."

तीन आठवडे विंडरलीहून बोलावणं आलं नाही. ऑर्फा म्हणाली, "घे! दिलास ना स्वतःच्या पोटावर पाय?" चौथ्या आठवड्यात निरोप आला. त्यात एवढंच होतं, 'काठी म्हणजे किती फूट?'

साडेसोळा. हिवाळा सरल्यावर एप्रिलच्या एका सकाळी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन तिघी रानात शिरल्या. पुढे रीथा, मागे दोरीचं टोक धरून कुरकुरणारी ऑर्फा आणि तिच्यामागे काठी टेकत मिस सबीना. ओढ्याच्या मुखापासून मोजत मोजत चाळीस काठ्या भरल्या. ओक नव्हता. त्याच्या जागी नुसता खोलगट खड्डा होता. पण नदीकडच्या अंगाला जमिनीला चिकटून हिरवी वेल पसरली होती, निळ्या फुलांनी भरलेली.

"ही तर रानफुलं," मिस सबीना म्हणाली. "लहानपणी मी इथे येऊन तोडायची."

"रानची नाहीत ती," रीथा म्हणाली. "आमच्यात कबरीवर लावतात. लावल्याशिवाय येत नाहीत."

तिनं वाकून वेल बाजूला सारली. खाली उभा रोवलेला एक ओबडधोबड दगड. पलीकडे दुसरा. ऑर्फानं कुरकुर थांबवली आणि तीही वाकून पानं सारू लागली. एकूण तेवीस दगड निघाले. एकावरही अक्षर नव्हतं.

मिस सबीना खाली बसली. हातातलं फूल कुठे ठेवावं हे तिला कळेना.

तिनं आपल्या पुस्तकात भावांचं भांडण घातलं, जबानी शब्दशः घातली, आणि तिच्या मंडळातल्या बायकांनी ते छापायला नकार दिला तेव्हा स्वतः टाइप करून वाटलं. रानाचा तो तुकडा रीथाच्या चर्चच्या नावे करून दिला. मात्र 'मळ्यावरची माणसं सुखात होती' हे वाक्य तिनं काही केल्या खोडलं नाही. त्यावरून दोघींची शेवटपर्यंत जुंपायची.

चर्चनं फीबीच्या पोरासाठी दगड बसवायचं ठरवलं तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "मुलाला एखादं चांगलंसं नाव देऊ या. बायबलातलं."

"नाही," रीथा म्हणाली. "त्याच्या आईनं ठेवलं असेल की. ते आपल्याला अजून सापडलेलं नाही, एवढंच."

दगडावर 'फीबीचं मूल' एवढंच कोरलं. वर चार बोटं जागा कोरी ठेवायला तिनं पाथरवटाला बजावलं, आणि पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळेला कोर्टातल्या आपल्या स्टुलावर जाऊन बसली.