जाऊबाईंच्या पायाखालची माती

जाऊबाई गेल्या त्याला आता पाच आठवडे होतील. गावाकडून फोन आला तो धाकट्या मुलाने घेतला, ऐकला, आणि माझ्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. मी तांदूळ निवडत होते. "कोण गेलं?" मी विचारलं. माझ्या वयाच्या बाईसमोर मुलगा असा गप्प उभा राहिला की दुसरं काय विचारायचं असतं! "मोठी आई," तो म्हणाला. नव्वदी ओलांडली होती, झोपेतच गेल्या. लोक म्हणाले, सोनं झालं. झालं असेल बापा. मी मात्र त्या दिवशी दोनदा ताट बाजूला सारलं आणि सुनेवर उगाच ओरडले.

शांताबाई त्यांचं नाव. माझ्या सख्ख्या मोठ्या जाऊ. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी लग्न होऊन मलकापूरजवळच्या आमच्या गावात आले. सातवी पास असल्याचा मला कोण ताठा! पहिल्याच दिवशी माझी भाकरी तव्यावर फाटली, तर जाऊबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "सातवी पास सून आनली, आता चुलीले शाळेत घालन हे!" सगळं घर हसलं. मी रडले. मग त्यांनीच मला मागच्या अंगणात नेऊन पीठ कसं मळायचं ते दाखवलं. त्यांचे वडील मलकापूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, त्यामुळे स्वच्छतेचं भारी वेड. दिवसातून वीस वेळा हात धुवायच्या. जीभ तिखट, हात मऊ. त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे आमच्या घरात कोणी बोलायचं नाही, आणि कोणी विसरायचंही नाही.

पुढच्या पौषात मला मुलगी झाली. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. जाऊबाईंनी जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवली होती. सासूबाईंनी ती घेतली, पण बारशाला बाळाला घालू दिली नाही. बारशाच्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजवत बसल्या आणि इकडे अख्खं गाव माझ्या खोलीत. शेंबडी पोरं, खोकणाऱ्या बाया, जो तो वाकून बाळाचा मुका घेत होता. कोणाला कोणी अडवलं नाही. मग एकदा जाऊबाई दारात आल्या आणि तिथूनच बाळाकडे पाहत राहिल्या... आणि मी बाळाच्या तोंडावर पदर ओढला. मी. सासूबाईंनी नव्हे, दुसऱ्या कोणी नव्हे. त्यांनी ते पाहिलं आणि घुगऱ्या उतू चालल्यासारख्या लगबगीने आत गेल्या.

बारशानंतर पाचव्या दिवशी बाळाचं नाक वाहायला लागलं. सर्दीच तर आहे, म्हणून सासूबाईंनी ओव्याची धुरी वाढवली, खिडकीला गोणपाट लावलं. सातव्या दिवशी खोकला. आठव्या दिवशी तिने दूध सोडलं. दोन घोट घ्यायची आणि दमून तोंड बाजूला करायची. छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज. श्वास असा भराभर की मी मोजायला जायची आणि माझाच चुकायचा. बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडायचा. त्या खड्ड्याकडे बघत बसणं काय असतं ते ज्या आईने पाहिलंय तिलाच कळेल. एवढासा जीव, तीन आठवड्यांचा, आणि श्वास घ्यायला तिला अंगातली सगळी ताकद लागत होती. जाऊबाईंनी बाहेरूनच सांगितलं, "अवं, धुरी बंद करा, मलकापूरले न्या तिले." सासूबाई म्हणाल्या, "तुले काय माईत लेकराचं?" मी ऐकलं आणि गप्प बसले.

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "नजर हाये. तिच्या पायाखालची चिमूटभर माती आन." सातवी पास मी! न्हाणीकडे जाण्याचं निमित्त करून अंगणात गेले. जाऊबाई नुकत्याच पाणी भरून गेल्या होत्या, ओल्या मातीत त्यांचं पाऊल उमटलं होतं. मी वाकले, माती उचलली, मुठीत धरली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या आणि ती माती बाळावरून उतरवून सासूबाईंनी शेगडीत टाकली. दार बंद. मिरच्या जळून ठसका लागला नाही तर नजर होती, असं मानायचे. आम्हा दोघींना ठसका लागला की नाही, मला आठवत नाही. बाळाला लागला. तिने एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. ओठ जांभळे पडले.

मी किंचाळले असेन. दार धाडकन उघडलं, जाऊबाई आत आल्या आणि माझ्या मांडीवरून बाळाला उचलून सरळ ओसरीवर, उघड्या हवेत. उभं धरलं, पाठ चोळली, नाकात अडकलेलं कपड्याच्या वातीने काढलं. सासूबाई मागून ओरडत होत्या, "तू काऊन शिवली तिले!" जाऊबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मंग मरू देऊ का?" एवढंच. मग बाळाने श्वास घेतला. लांब, फाटका, पण घेतला. तासाभरात बैलगाडी जुंपून आम्ही मलकापूरच्या वाटेला लागलो. गाडीत बाळ त्यांच्याच खांद्यावर होतं. मला देता का म्हणण्याचं तोंड मला नव्हतं.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "यावर औषध थोडं, राखणच जास्त. पुढचे तीन दिवस निघाले तर निघाले." ते तीन दिवस आम्ही जाऊबाईंच्या माहेरी काढले. मिठाच्या कोमट पाण्याचे दोन थेंब नाकात, मग वातीने साफ, मग मी वाटीत काढलेलं दूध कापसाच्या बोळ्याने. घोट घोट. दमली की थांबायचं, पुन्हा अर्ध्या तासाने. जाऊबाई वडिलांचं घड्याळ हातात धरून श्वास मोजायच्या. आकडा मला सांगायच्या नाहीत, मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. दोनदा त्यांच्या ओठांवरचा रंग गेलेला मी पाहिला. दर वेळी बाळाला शिवण्याआधी त्या हात धुवून यायच्या आणि ओले हात मला दाखवायच्या. मी मान हलवल्याशिवाय हात लावायच्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चौथ्या दिवशी दुपारी बाळ छातीला लागलं आणि चुकचुक आवाज करत प्यायला लागलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून रडलो, पण एकमेकींशी बोललो नाही.

त्या मातीबद्दलही कधी बोललो नाही. ती लेक, कमल, मोठी झाली, मास्तरीण झाली, तिला नातवंडं झाली. आणि मी साठ वर्षं तोंड शिवून. गेल्या दिवाळीनंतर गावी गेले तेव्हा मात्र राहवलं नाही. जाऊबाई खाटेवर पडून होत्या, दिसत नव्हतं फारसं. मी पाय दाबता दाबता म्हणाले, "जाऊबाई, त्या वेळी मी तुमच्या पायाखालची..."

"माईत हाये," त्या म्हणाल्या. "खिडकीतून पाह्यलं मी तुले वाकताना."

"मग बोलला का नाहीत कधी?"

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "काय बोलू वं इंदू? बारशाच्या दिवशी दारात उभी होती ना मी... तवा मनात आलंच होतं, ही पोट्टी माही असती तं. आन् मंग ते लेकरू बिमार पडलं. तू माती उचलून राह्यली होती, आन् मी खिडकीत हात जोडून उभी होती. म्हनत होती, उचल बाई, अजून घे, सगळं आंगन घेऊन जा. पन माह्या नजरेनं जाऊ नोको देऊ तिले."

मी त्यांचे पाय घट्ट धरून बसले. मला एवढंच म्हणता आलं, "तुमचीच आहे ती." त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या गेल्यावर गावी सगळे जमले आणि कमलने विचारलं, मोठ्या आईला अग्नी कोण देणार, तेव्हा मात्र मी सगळ्या पुरुषमाणसांत उठून उभी राहिले आणि म्हणाले, त्यांची लेक देईल.